वरच्या मजल्यावर करंट पोचत नाही म्हणे. खरं काय?

साखरपेठकर | १७ एप्रिल, रात्री १०:१२

मंडळी, सोलापुरात एप्रिल कसा असतो ते सांगायची गरज नाही. सध्या आमच्या घरातला सगळ्यात महत्त्वाचा सदस्य म्हणजे वरच्या खोलीतला कूलर, आणि नेमका तोच आजारी आहे.

घर जुनं, साखर पेठेतलं. खालचं वायरिंग वडिलांच्या काळातलं. वरची खोली आम्ही नंतर चढवली, तिथं कूलर, पंखा, एलईडी ट्यूब आणि एक मोठा प्लग. घरातली इस्त्री वरच होते. तर प्रकार असा की इस्त्री लावली की कूलर मरगळतो. आवाजच बदलतो त्याचा. इस्त्री तापून तिचा दिवा विझला की कूलर परत ताळ्यावर. दिवा लागला की परत रडगाणं. ट्यूब मात्र मजेत, तिला काही फरक नाही.

आमचे नेहमीचे वायरमन अण्णा येऊन बघून गेले. त्यांचं निदान: "खाली लोड वाढलाय. करंट खालीच खपतो, वर उरेल तेवढाच येतो." आमची लेक नववीतून दहावीत गेलीय, ती तिथंच उभी. म्हणाली, "अण्णा, करंट खपत नसतो. धाराविद्युतच्या धड्यात आहे." अण्णा हसले. "पुस्तकात कूलर नसतोय बाळ." झालं. दोन दिवस घरात हाच वाद. मी कॉमर्सवाला, मला दोघांचंही पटतं. कोण बरोबर?

होटगीरोड | १७ एप्रिल, रात्री १०:२०

पहिला प्रश्न: उन्हाळ्यात इस्त्री करता कशाला बे? कपडे दोरीवर पंधरा मिनिटं ठेवले की आपोआप कडक होतात इथं.

निवृत्तमास्तर | १७ एप्रिल, रात्री १०:५१

मुलगी बरोबर आहे. तिला माझ्याकडून शाबासकी सांगा.

करंट म्हणजे तारेच्या एका जागेवरून दर सेकंदाला किती विद्युतप्रभार पुढे सरकला त्याचं माप. एक अँपिअर म्हणजे सेकंदाला सुमारे ६ च्या पुढे १८ शून्यं इतके इलेक्ट्रॉन. ते इस्त्रीत शिरतात तितकेच दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतात. एकही आत राहत नाही. राहिले असते तर इस्त्री क्षणात प्रभारित होऊन बसली असती. फेजच्या तारेनं गेले तेवढे न्यूट्रलच्या तारेनं परत, म्हणून तर प्लगला दोन पिना लागतात. तिसरी पिन अर्थिंगची, ती एरवी रिकामीच बसलेली असते, अपघात झाला तरच कामाला येते.

होटगीरोड | १७ एप्रिल, रात्री १०:५८

मास्तर, सगळा माल परत जातो तर बिल कशाचं भरतोय आम्ही? परत केलेल्या मालाचे पण पैसे?

मागवाला | १७ एप्रिल, रात्री ११:३०

याचं उत्तर मी देतो. अशोक चौकाकडं आमचे टॉवेलचे माग आहेत. मोटर आणि माग यांच्यामध्ये पट्टा असतो. पट्टा मोटरच्या पुलीवरून निघतो, मागाच्या पुलीवरून फिरतो, परत मोटरकडं येतो. जेवढा गेला तेवढाच आला. दिवसभर टॉवेल निघतात पण पट्टा एक इंच कमी होत नाही. मग मागाला काय मिळालं? ओढ मिळाली, काम मिळालं. पट्टा म्हणजे करंट. ओढ म्हणजे व्होल्टेज. पट्टा किती वेगात फिरतोय आणि किती ताणून ओढतोय, दोन्हीचा गुणाकार म्हणजे पॉवर. बिल त्या कामाचं येतं, पट्ट्याचं नाही.

आणखी एक. मोटर चालू केली की माग लगेच हलतो. मोटरजवळचा पट्ट्याचा तुकडा मागापर्यंत पोचायची वाट बघत नाही. बटण दाबलं की दिवा तसाच लागतो.

निवृत्तमास्तर | १७ एप्रिल, रात्री ११:४४

वा! चाळीस वर्षं मी पोरांना पाण्याच्या टाकीचं उदाहरण देत आलो. पट्ट्याचं का सुचलं नाही कोण जाणे. अर्धा वर्ग मागवाल्यांच्याच घरचा होता.

त्यात भर घालतो. इलेक्ट्रॉन स्वतः फार आळशी. घरातल्या नेहमीच्या दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत ४ अँपिअर करंट असला तर त्यांच्या सरकण्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.२ मिलिमीटर. गोगलगाय पुढे जाईल. तेही बॅटरीच्या सरळ प्रवाहात. आपल्याकडे येतो तो उलटसुलट प्रवाह, सेकंदाला ५० आवर्तनं. म्हणजे इलेक्ट्रॉन पुढे सरकतो न सरकतो तोच मागे, सगळी धावपळ एका मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याच्या आतबाहेर. फताटेवाडीच्या वीज प्रकल्पातला एकही इलेक्ट्रॉन साखर पेठेत पाहुणा म्हणून आलेला नाही. सुताराची करवत जशी जागच्या जागी पुढंमागं होऊन लाकूड कापते, तसं.

कडकभाकरी | १८ एप्रिल, सकाळी ७:१५

एक अडाणी प्रश्न. व्होल्टेज कमी आलं तर बिल पण कमी येतं ना? आमच्या सासूबाई म्हणतात, संध्याकाळी लाईट मंद असते तेव्हाच इस्त्री करून घ्यावी, मीटर हळू फिरतं.

निवृत्तमास्तर | १८ एप्रिल, सकाळी ८:०२

मीटर हळू फिरतं हे खरं, पण इस्त्रीही हळू तापते. इस्त्री, गीझर, शेगडी ही मंडळी म्हणजे नुसता रोध, करंटला अडथळा. १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टसाठी बनवलेली असते, तिचा रोध ५३ ओहमच्या आसपास. व्होल्टेज घटलं की करंटही त्याच प्रमाणात घटतो, हाच ओहमचा नियम, १८२७ सालचा. आणि पॉवर हा दोघांचा गुणाकार, म्हणून तिला दुहेरी फटका. व्होल्टेज १० टक्के घटलं तर पॉवर १९ टक्के घटते. एक धोतर कडक करायला लागणारी उष्णता तेवढीच, ती जास्त वेळ लावून घ्यावी लागते. युनिट म्हणजे १००० वॅट एक तास. सासूबाईंना सांगा, बचत होते ती वेळेची नाही आणि पैशाचीही नाही.

मागवाला | १८ एप्रिल, सकाळी ९:२०

मोटरचं तर उलटंच असतं. माग चालू आहे, कापड विणायचंच आहे, म्हणजे काम तेवढंच. व्होल्टेज पडलं की मोटर ते काम पुरं करायला जास्त करंट ओढते. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, ती कुठून तरी आणणारच. जास्त करंट म्हणजे वाइंडिंग तापणार. आणि थ्री फेजमधला एक फेज उडाला तर विचारूच नका. चालती मोटर दोन फेजवर रखडत रखडत फिरत राहते आणि पंधरा मिनिटात वार्निश जळाल्याचा वास येतो. तो वास सोलापुरात कुणाला ओळखू येत नाही?

फेजन्यूट्रल | १८ एप्रिल, दुपारी १:०५

उशिरा आलो. मूळचा सोलापूरचा, सध्या पुण्यात, धंदा इलेक्ट्रिकलचाच.

चर्चा छान चाललीय पण साखरपेठकरांच्या कूलरचं काय? साखरपेठकर, मला नीट बघून सांगा: खाली मिक्सर किंवा बोरची मोटर लावली तर वरच्या कूलरवर परिणाम होतो का? आणि वर इस्त्री लावल्यावर खालचा पंखा मंदावतो का? शेजाऱ्यांकडे काय परिस्थिती?

साखरपेठकर | १८ एप्रिल, रात्री ९:४०

आज लेकीनं रीतसर वही घेऊन प्रयोग केले. खाली मिक्सर लावला, वर काही नाही. खाली बोरची मोटर लावली, वरचा कूलर अगदी किंचित कुरकुरला. वर इस्त्री लावली, खालचा पंखा ढिम्म, काही फरक नाही. वरचा कूलर मात्र लगेच मान टाकतो. शेजारी सगळं उत्तम.

फेजन्यूट्रल | १८ एप्रिल, रात्री १०:१५

मग अण्णांचं "खाली लोड वाढलाय" बाद. खालचा लोड दोषी असता तर मिक्सर लावल्यावरही वर परिणाम दिसला असता. डीपीकडून, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरकडून येणारं व्होल्टेज कमी असतं तर खालचा पंखा आणि शेजारीही रडले असते. दोष खालच्या बोर्डापासून वर जाणाऱ्या तारेतच कुठंतरी आहे, आणि करंट वाहायला लागला की मगच तो दिसतो.

तार म्हणजे बिनरोधाचा रस्ता असं आपण धरून चालतो, पण प्रत्येक तारेला थोडा रोध असतोच. इस्त्री आणि तार एकामागोमाग, म्हणजे एकसर जोडणीत. तारेतून करंट गेला की तार आपला वाटा कापून घेते आणि उरलेलं व्होल्टेज वर पोचतं. लोड नसताना करंट नाही, म्हणजे वाटाही नाही, तेव्हा वर अगदी पूर्ण व्होल्टेज दिसेल. म्हणून टेस्टरनं काहीही कळत नाही. टेस्टरमधून मिलिअँपिअरच्याही आतबाहेरचा करंट जातो. तेवढ्याला खराब तारही पुरते आणि टेस्टर झक्क पेटतो.

अंदाज देतो. खालून वर २५ मीटर तार, जाऊन येऊन ५० मीटर. अर्धी ॲल्युमिनियम, अर्धी तांबं धरली तरी सगळा रोध एक ओहमच्या आत यायला हवा. इस्त्रीला ४ अँपिअर, म्हणजे पडझड ३-४ व्होल्टची. तीन व्होल्टनी कूलर मरगळत नाही.

ट्यूबला फरक पडत नाही हेही साहजिक. एलईडीच्या आतलं सर्किट व्होल्टेज वरखाली झालं तरी आपला करंट सांभाळून घेतं. पूर्वी पिवळा बल्ब असायचा, तो मंद झाला की घरात सगळ्यांना कळायचं. एलईडीनं वीज वाचवली पण घरातला फुकटचा व्होल्टमीटर गेला.

अण्णांना परत बोलवा, म्हणावं मल्टिमीटर आणि टाँग टेस्टर घेऊन या. तुम्ही स्वतः प्लगमध्ये काही खुपसू नका. लेकीला वही-पेन द्या, मीटरच्या कांड्या नकोत.

होटगीरोड | १८ एप्रिल, रात्री १०:३२

दुसऱ्या वायरमनला बोलवा की. ज्यानं चुकीचं सांगितलं त्यालाच परत?

साखरपेठकर | १८ एप्रिल, रात्री १०:४०

अण्णा वडिलांच्या वेळेपासून येतात. गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी होम मैदानावरच्या दुकानांना लाईट जोडून देणारा माणूस आहे तो. दुसरा कोण बोलवणार? उद्या येतो म्हणालेत.

कडकभाकरी | १९ एप्रिल, सकाळी ७:४०

गड्ड्यावरून आठवलं. पूर्वी त्या बारक्या बल्बच्या माळा मिळायच्या, एक बल्ब गेला की अख्खी माळ बंद. आमचे मामा दर संक्रांतीला तो एक बल्ब शोधत बसायचे. तीही एकसर जोडणीच का?

निवृत्तमास्तर | १९ एप्रिल, सकाळी ८:१०

तीच. सहा व्होल्टचे अडतीस-चाळीस बल्ब एका रांगेत, मिळून २३० व्होल्ट वाटून घ्यायचे. रस्ता एकच, कुठंही तुटला की सगळे बंद. घरातलं वायरिंग समांतर, प्रत्येकाला स्वतःचा रस्ता आणि पूर्ण २३० व्होल्ट. म्हणून न्हाणीघरातला दिवा गेला तरी स्वयंपाकघर चालू राहतं.

आता एकसरवरून साखरपेठकरांच्या कन्येसाठी कोडं. १०० वॅट आणि ४० वॅटचे जुने पिवळे बल्ब एकामागोमाग जोडून २३० व्होल्टला लावले. जास्त उजेड कुणाचा?

होटगीरोड | १९ एप्रिल, सकाळी ८:१४

१०० चा. यात काय कोडं?

साखरपेठकर | १९ एप्रिल, सकाळी ९:०५

लेक म्हणते ४० चा. कारण ४० वॅटच्या बल्बचा रोध जास्त (तिनं १३२२ ओहम काढलाय, १०० वॅटचा ५२९). दोघांतून करंट सारखाच जाणार, मग ज्याचा रोध जास्त तोच जास्त तापणार. आणि विचारते, होटगीरोड काका कितवी शिकलेत?

होटगीरोड | १९ एप्रिल, सकाळी ९:११

मी धाग्यातून रजा घेतो.

निवृत्तमास्तर | १९ एप्रिल, सकाळी ९:३०

पूर्ण गुण. १०० वाल्याची तार नुसती लालसर होते. हे कोडं लक्षात ठेवा, मला वाटतं तुमच्या घरात तेच घडतंय.

साखरपेठकर | १९ एप्रिल, रात्री ८:५५

अण्णा येऊन गेले. सविस्तर लिहितो.

आधी वर काहीही चालू नसताना प्लगला मीटर लावला. २३० व्होल्ट. अण्णा म्हणाले, "बघा, बरोबर आहे." मग कूलर बंद ठेवून फक्त इस्त्री लावली. वर २०५. त्याच वेळी मी खाली मुख्य बोर्डावर दुसरा मीटर बघत होतो (अण्णांच्या पोरानं लावून दिला होता), तिथं २२९. अण्णा गप्पच झाले.

मग लेकीनं हट्ट धरला की करंट पण मोजा, खाली आणि वर. टाँग टेस्टर म्हणजे चिमटा असतो, तार तोडायची नाही, नुसती चिमट्यात धरायची. खालच्या बोर्डातून वर जाणारी फेजची तार: ३.९ अँपिअर. वर इस्त्रीच्या प्लगमागची तार: ३.९. परतीची न्यूट्रल: ३.९. तीनदा मोजलं. लेकीनं वही अण्णांच्या पुढं धरली, बोलली काही नाही. अण्णा म्हणाले, "हां, करंट खपत नाही. पण २४ व्होल्ट खपलेत न्हवं? मी तेच म्हणत होतो." आता याला काय म्हणावं?

फेजन्यूट्रल | १९ एप्रिल, रात्री ९:२५

अण्णा शब्दात चुकले, निरीक्षणात नाही. वर काहीतरी कमी पोचत होतं हे त्यांना कूलरच्या आवाजावरून कळलं होतं.

आता आकडे बघा, हे गंभीर आहे. वाटेत २४ व्होल्ट गेले, करंट ३.९. भागाकार: सुमारे ६.२ ओहम. सगळ्या तारेचा मिळून ०.८ ओहम धरा. म्हणजे ५.४ ओहम कुठंतरी एकाच जागी, अगदी नखाएवढ्या जागेत, बसलेत. ३.९ चा वर्ग गुणिले ५.४ म्हणजे जवळपास ८० वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याची कथील वितळवायची सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. तुमच्या भिंतीत तशा तीन बसल्यात, इस्त्री चालू असेपर्यंत. प्लास्टिकच्या डब्यात.

वरच्या कोणत्याही प्लगला आजपासून इस्त्री लावू नका. आजपासून म्हणजे आत्तापासून.

साखरपेठकर | १९ एप्रिल, रात्री ९:३१

अहो घाबरवताय की. पण एमसीबी (आपोआप पडणारा खटका) आहे ना बोर्डात? ती का पडली नाही? गेल्याच वर्षी बसवली.

फेजन्यूट्रल | १९ एप्रिल, रात्री ९:५८

हाच मुद्दा बहुतेकांना माहीत नसतो. एमसीबी फक्त जादा करंट ओळखते. शॉर्ट झालं किंवा लोड फार वाढला की पडते. सैल सांध्यामुळं रोध वाढतो, म्हणजे करंट उलट कमी होतो. इस्त्रीला ४.३ अँपिअर जायला हवे होते, जातायत ३.९. एमसीबीच्या नजरेत हे अगदी गुणी सर्किट आहे.

३० मिलिअँपिअरवाली आरसीसीबीसुद्धा पडणार नाही. ती जाणारा आणि परत येणारा करंट यांची तुलना करते, फरक पडला म्हणजे कुठंतरी गळतीय, कदाचित माणसातून. तुमच्याकडे जातायत ३.९ आणि येतायत ३.९, लेकीनं मोजलंच. फ्यूजचंही तेच. सैल सांध्याला पकडणारं साधन साध्या घरात नसतं. नाक, हात आणि कूलरचा आवाज, बस.

एक काम अजून करायला सांगा अण्णांना. इस्त्री चालू असताना वरच्या प्लगला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये व्होल्टेज बघायचं. त्यासाठी मिनिटभर इस्त्री लावलेली चालेल, अण्णा समोर असतानाच. एरवी तिथं एखाद-दोन व्होल्ट असतात. जास्त आलं तर दोष न्यूट्रलमध्ये, नाही आलं तर फेजमध्ये. अर्धी भिंत फोडायची वाचेल.

निवृत्तमास्तर | १९ एप्रिल, रात्री १०:२०

माझं कोडं आलंच शेवटी. इस्त्री ५३ ओहम आणि सांधा ५.४ ओहम, एकामागोमाग, करंट तोच. उष्णतेची वाटणी रोधाच्या प्रमाणात, दहास एक. इस्त्रीला सुमारे ८०० वॅट आणि सांध्याला ८०. इस्त्रीची उष्णता मोठ्या तळव्यावर पसरते, सांध्याची टिचभर जागेत. म्हणून सांधाच जळतो.

मागवाला | २० एप्रिल, सकाळी ९:१०

आमच्याकडं पट्टा सैल झाला की घसरतो. मोटर तीच, पट्टा तोच, पण मागाला ओढ कमी मिळते आणि पुली एवढी तापते की हात लावता येत नाही. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आधी पुलीला हात लावून बघतो, मग मागाकडं. तुमच्या घरातली पुली सापडली की सांगा.

उजनीपार | २० एप्रिल, सकाळी ११:००

वाचक होतो, एक शंका. तारेत अशी वीज वाया जात असेल तर प्रकल्पापासून शेकडो किलोमीटर लांब जाणाऱ्या लाइनचं काय? आमच्या शेतावरून ते मोठ्ठे मनोरे गेलेत, खाली उभं राहिलं की दमट हवेत चरचर आवाज येतो.

फेजन्यूट्रल | २० एप्रिल, दुपारी १२:४०

म्हणूनच ते मोठ्ठे आहेत. तारेतली उष्णता करंटच्या वर्गावर वाढते. तीच पॉवर पाठवायची तर व्होल्टेज वाढवा, करंट आपोआप घटतो. करंट दहापट कमी केला तर नुकसान शंभरपट कमी. हे ट्रान्सफॉर्मरमुळं जमतं, आणि तो उलटसुलट प्रवाहावरच चालतो.

सोलापूरकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट सांगतो. सोलापूर ते रायचूर ७६५ किलोव्होल्टची लाइन आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला ती जोडली गेली आणि दक्षिण भारताचं वीजजाळं उरलेल्या देशाच्या जाळ्याशी पहिल्यांदा एका तालात आलं. तोवर दक्षिणेची ५० आवर्तनं वेगळी आणि उत्तरेची वेगळी. देशभराची जनित्रं एका लयीत फिरू लागली ती आपल्या गावातून गेलेल्या तारेमुळं. ७६५ किलोव्होल्टवर १००० मेगावॅट पाठवायचे तर एका फेजच्या तारेत साधारण ७५५ अँपिअर. इस्त्रीच्या जेमतेम दोनशेपट करंट, पॉवर मात्र दहा लाख इस्त्र्यांची.

चरचर आवाज तारेभोवतीच्या हवेत होणाऱ्या बारीक विद्युत विसर्जनाचा. मनोऱ्याखाली उंच शिडी किंवा ॲल्युमिनियमचा पाइप उभा धरून कधी जाऊ नका.

साखरपेठकर | २० एप्रिल, रात्री ९:२०

सापडलं!

अण्णांनी न्यूट्रल-अर्थ बघितलं: इस्त्री बंद असताना एक व्होल्टच्या आत, चालू केल्यावर २२. म्हणजे २४ पैकी जवळपास सगळं न्यूट्रलमध्येच. अण्णांनी तिथंच मेन बंद केला आणि सरळ जिन्याच्या वळणावरच्या डब्याकडं गेले. म्हणाले, "वरची खोली काढली तेव्हा इथंच जोडलंय." झाकण उघडलं तर ते मागच्या बाजूनं तपकिरी झालेलं, काळी टेप पापडासारखी कडक. आत खालून आलेली जुनी ॲल्युमिनियमची तार आणि वर गेलेली तांब्याची तार, दोन्ही एकमेकींना नुसत्या पीळ देऊन. फेजचा पीळ धड होता. न्यूट्रलचा अण्णांनी बोट लावलं तसा सुटून हातात आला.

तो सांधा कुणी मारला होता हे मी विचारलं नाही. अण्णांनीही सांगितलं नाही. बराच वेळ ते त्या तुकड्याकडं बघत होते.

फेजन्यूट्रल | २० एप्रिल, रात्री ९:५०

ॲल्युमिनियम आणि तांबं यांचा नुसता पीळ म्हणजे उशिरा फुटणारा फटाका. ॲल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा थर येतो आणि तो थर वीज जाऊ देत नाही. त्यात दोन्ही धातू तापल्यावर वेगवेगळे प्रसरण पावतात. लोड आला की फुगायचे, गेला की आकसायचे, दर इस्त्रीला पीळ किंचित सैल. सैल झाला की रोध वाढतो, रोध वाढला की जास्त तापतो, तापला की आणखी सैल. वर्षानुवर्षं काही कळत नाही आणि शेवटच्या दोन-तीन महिन्यांत सगळं होतं. दमट हवा लागली तर गंजही. हे त्या काळी सगळेच करत, एकट्या अण्णांचं काय घेऊन बसलात. ॲल्युमिनियमचं वायरिंग तेव्हा घरोघरी होतं.

न्यूट्रल पूर्ण सुटला असता तर वरचं सगळं बंद पडलं असतं आणि स्विच चालू असलेल्या उपकरणातून फेज फिरून न्यूट्रलच्या भोकातही आला असता. "लाईट गेलीय" समजून कुणी तिथं हात घातला असता तर शॉक बसला असता.

आता नवा सांधा मारू नका. बोर्डापासून वरपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची अखंड तार ओढून घ्या, मध्ये जोड नको. अर्थची तारही सोबत.

साखरपेठकर | २२ एप्रिल, रात्री ८:३०

तार ओढून झाली. जुन्या पाइपातून येईना म्हणून जिन्यात बाहेरून पट्टी मारली, दिसायला बरं नाही पण असू दे. इस्त्री लावून वर २२७, खाली २२९. लेकीनं आधीच हिशोब करून २२७ आणि अर्धा लिहून ठेवला होता आणि मीटर अर्धा दाखवत नाही म्हणून नाराज झाली. कूलर इतका जोरात सुटलाय की वह्यांची पानं उडतात.

अण्णांनी मजुरी घेतली नाही, तारेचे तेवढे पैसे घेतले. लेकीला म्हणाले, "तू मीटर वाचून दे, मी जोडतो, आपण दोघं धंदा करू." तो जळका पीळ तिनं कंपासपेटीत ठेवलाय, शाळा सुरू झाली की विज्ञानाच्या बाईंना दाखवणार आहे. आणि तिनं अण्णांना, त्यांनी या गल्लीत आणखी कुठल्या कुठल्या घरांवर खोल्या चढवताना वायरिंग केलं ते आठवायला लावलंय. सात घरं झालीत आतापर्यंत.

कडकभाकरी | २२ एप्रिल, रात्री ९:०५

आमच्याकडं वरच्या मजल्यावर वॉशिंग मशीन लावली की पंखा हळू होतो. आम्हाला वाटायचं लाईटच अशी आहे. अण्णा जुळे सोलापुरात येतील का?

साखरपेठकर | २२ एप्रिल, रात्री ९:१२

येतील, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. तोवर मशीन बंद ठेवा. आणि वरच्या वायरचा डबा कुठं आहे ते शोधून ठेवा, मेन बंद करून मगच झाकणाला हात लावायचा.

होटगीरोड | २२ एप्रिल, रात्री ९:२०

मी आत्ताच आमच्या जिन्यातल्या डब्याला बाहेरून हात लावून आलो. कोमट आहे. एप्रिलमुळं की करंटमुळं, ते कसं ओळखायचं?

साखरपेठकर | २२ एप्रिल, रात्री ९:२६

लेक म्हणते, पाच मिनिटं गीझर लावा आणि डबा व शेजारची भिंत दोन्हीला हात लावून बघा. भिंतही तेवढीच गरम असेल तर एप्रिल.

होटगीरोड | २२ एप्रिल, रात्री ९:४१

एप्रिल आहे बे.